पाहुण्याचा चाकू

रतनवाडीच्या अमृतेश्वर मंदिरापासून रतनगडाची वाट चढू लागली की पाठीवरची सॅक बोलायला लागते. घरी पलंगावर मांडून ठेवलेल्या वस्तूंपैकी कुठली खरोखर लागणार होती आणि कुठली हौसेपोटी आली, हे पहिल्या चढावरच खांद्यांना कळतं. पुढचा पल्ला मोठा असतो. शिड्यांवरून गणेश दरवाजा, तिथून गडमाथा, गड उतरून कात्राबाईची खिंड, खाली कुमशेत, मग पाचनई आणि शेवटी हरिश्चंद्रगड. तीन-चार दिवस झोपायचं, शिजवायचं, भिजायचं, वाळायचं, ते सगळं पाठीवरच्या सामानाच्या जिवावर. त्या सामानातल्या अगदी लहान वस्तूंपैकी एक म्हणजे मिटायचा चाकू.

त्याचं वजन पन्नास ग्रॅमच्या आसपास. तरीही त्याच्या निवडीवर जितका खल होतो तितका तंबूवरही होत नाही. भटकायला निघालेली तरुण मुलं बुटांबद्दल विचारतात तेव्हा त्यांना सोय हवी असते. चाकूबद्दल विचारताना त्यांचा आवाज जरा खाली येतो आणि बोलण्यात पात्याची लांबी, जाडी, पोलादाची जात असे शब्द येऊ लागतात. मला तो उत्साह मनापासून आवडतो. धारदार वस्तू हातात घेताना माणूस गंभीर होतो, आणि रानात शिरण्याआधी गंभीर होणं चांगलंच. त्या गांभीर्याला नीट दिशा मिळावी एवढीच माझी इच्छा आहे. कारण चाकू निवडताना आपण नकळत हेही ठरवत असतो की त्या डोंगरात आपण कोण म्हणून जाणार आहोत.

मराठी घरात धार पूर्वापार आहे, पण ती बहुतेक जागेवर बसलेली. विळीचं पातं हलत नाही, भाजीच त्याच्याकडे जाते. कोयता दाराआड असतो, काम निघालं की बाहेर येतो. खिळीभोवती फिरणारं पातं आपल्या आजोबांच्या बोटांना ओळखीचं होतं ते पानाच्या तबकातल्या अडकित्त्यामुळे. खिशातला चाकू मात्र आपल्याकडे दोन रूपांत आला. एक जत्रेतल्या पथारीवर मिळणारा, पेरू-सफरचंद कापायचा. दुसरा सिनेमातला रामपुरी, उत्तर प्रदेशातल्या रामपूरचं नाव लावणारा, खटका दाबताच उघडणारा. पहिल्याला कुणी मान दिला नाही आणि दुसऱ्याची सगळ्यांनी धास्ती घेतली. डोंगरात न्यायचा चाकू या दोघांपेक्षा वेगळा असतो. त्याला कामाचा मान हवा आणि धास्ती अजिबात नको. आपल्या शस्त्र नियमांत ९ इंचांहून लांब किंवा २ इंचांहून रुंद पात्याची हत्यारं वेगळ्या वर्गात मोडतात. घरकामाची आणि शेतीची अवजारं त्यातून वगळली आहेत. ट्रेकच्या चाकूला त्या लांबीच्या निम्मीही लांबी लागत नाही. तरी एसटीत आणि लोकलमध्ये तो सॅकच्या तळाशीच असावा. शेजारी बसलेल्या माणसाला आपल्यामुळे उगाच धसका बसू नये.

दिवसभरात आपण काय काय कापतो, ते एकदा नीट आठवून पाहावं. पहाटे चहाच्या पुडीचं तोंड, मग आल्याची साल. पोह्यांसाठी कांदा. दुपारी खिंडीत सावली बघून बसलं की काकडी, लिंबू, गुळाच्या ढेपेतला एक खडा. टाचेवर फोड धरू लागला की चिकटपट्टीचा गोल तुकडा; चौकोनी कापला तर त्याचे कोपरे मोज्यात उचकटतात, म्हणून गोल. तंबूच्या दोरीचं विस्कटलेलं टोक. नायलॉनची दोरी स्वच्छ कापून लायटरच्या ज्योतीवर टोक वितळवलं की पुन्हा सुटत नाही. बुटाचा तळ निघू लागला तर त्याला आवळून बांधायला सुतळी. तळहातात मोडलेला करवंदीचा काटा वर आणायला पात्याचं टोक. रात्री खिचडीसाठी बटाटा आणि टोमॅटो. यातल्या कशालाही चार बोटांहून लांब पातं लागत नाही. जाड पातं तर लागतच नाही. जाड पात्यानं बटाटा कापला न जाता फुटतो, टोमॅटो चिरडतो आणि लिंबाचा अर्धा रस दगडावर जातो. पाठीकडून दोन मिलिमीटरच्या आत असलेलं, धारेकडे हळूहळू निमुळतं होत गेलेलं पातं ही सगळी कामं बिनबोभाट करतं.

ही यादी मी एकदा कागदावर उतरवली आणि तेव्हापासून माझी निवड सोपी झाली. जे जे मी कापत होतो ते माझ्याच सॅकमधून आलं होतं, किंवा माझ्याच अंगात रुतलेलं होतं. रानातलं काहीही त्या यादीत नव्हतं.

असायलाही नको होतं. रतनगडापासून हरिश्चंद्रगडापर्यंतचा हा सगळा मुलूख कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्यात येतो. सुमारे ३६१ चौरस किलोमीटरचं हे अभयारण्य १९८६ मध्ये जाहीर झालं. इथे १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा लागू होतो. त्याच्या बंधनांमुळे इथली झाडं तोडायची नाहीत, फांद्या छाटायच्या नाहीत, रानाला धोका होईल अशी आग पेटवायची नाही. परदेशी चित्रफिती पाहून आलेला मुलगा जेव्हा लाकडाचे ओंडके फोडता येतील असा जाड पात्याचा दणकट चाकू शोधतो, तेव्हा मी त्याला विचारतो की कुठले ओंडके? आपण गॅसचा छोटा स्टोव्ह नेतो. जळण म्हणून जी वाळकी काटकी आपल्याला फुकट वाटते, ती इथल्या मुंग्यांचं, वाळवीचं, बुरशीचं घर आहे आणि पुढच्या पावसाळ्याची माती आहे.

कुमशेतच्या वाटेवर एका मामांनी माझ्या हातातला उघडा चाकू पाहून विचारलं होतं, “एवढ्याशानं काय कापता?”

“लिंबू. कांदा.”

त्यांनी चाकू हातात घेतला, धारेवरून अंगठा आडवा फिरवला, “धार चांगली हाय,” म्हणाले आणि परत दिला. त्यांच्या कमरेला लाकडी आकड्यात कोयता होता. वर्षानुवर्षं पाजवून पाजवून त्याचं पातं मधे झिजलं होतं. त्या कोयत्याला वर्षभराचं काम असतं. भाताच्या रोपांसाठी राब भाजायचा तर फांद्या लागतात, कुंपणाला काट्या, गुरांना गवत, घराच्या कुडाला कारवी. इथले महादेव कोळी आणि ठाकर पिढ्यानपिढ्या या उतारांवर राहतात. कुठल्या झाडाची फांदी कधी घ्यायची आणि कुठल्या झाडाला हात लावायचा नाही, हे त्यांना शिकवावं लागत नाही. हिरड्यासारख्या वनोपजावरचा त्यांचा हक्क २००६ च्या वनहक्क कायद्यानं मान्य केला आहे. त्यांचा कोयता त्यांच्या घरातला आहे. मी त्यांच्या अंगणातून चाललेला पाहुणा. पाहुण्यानं आपल्या ताटापुरती धार आणावी.

मिटायच्या चाकूचा इतिहास वाचताना मला ही ताटापुरत्या धारेचीच गोष्ट पुन्हा पुन्हा दिसत गेली आणि तिनं मला फार समाधान दिलं. फ्रान्सच्या साव्हॉय भागात, आल्प्सच्या उतारावर, ओपिनेल घराण्याचा लोहारकीचा व्यवसाय होता. वडील कुऱ्हाडी आणि कोयते घडवत. त्यांच्या जोसेफ या मुलानं १८९० मध्ये शेजारपाजारच्या शेतकऱ्यांसाठी खिशात मावेल असा चाकू केला. लाकडाची मूठ, तिला पडलेली चीर आणि त्या चिरेत मिटणारं पातं, एवढाच त्याचा आकार. १९५५ मध्ये मुठीच्या तोंडाशी फिरणारी लोखंडी कडी आली. ती फिरवली की उघडं पातं बोटांवर मिटत नाही. कोयते करणाऱ्या घरातच खिशातला चाकू जन्मला, हे मला सुंदर वाटतं.

स्वित्झर्लंडमधली गोष्टही अशीच. कार्ल एल्सनर यांनी १८८४ मध्ये इबाख इथे कारखाना काढला आणि १८९१ पासून स्विस सैन्याला चाकू पुरवायला सुरुवात केली. त्या चाकूत एक पातं, एक आरी, डबा उघडायची चावी आणि स्क्रू पिळायचं टोक होतं. सैनिकाच्या खिशातला असूनही तो लढण्यासाठी नव्हता; रायफल खोलून साफ करायला आणि डब्यातलं अन्न खायला होता. आपण आज ज्याला सरसकट ‘स्विस नाइफ’ म्हणतो, त्या लाल मुठीच्या चाकूचा पूर्वज तो.

आणि ज्या पोलादाचं पातं आज आपण डोळे मिटून निवडतो, त्याचा जन्म तर थेट बंदुकीपाशी झाला. १९१३ मध्ये इंग्लंडमधल्या शेफील्डला हॅरी ब्रिअर्ली रायफलीच्या नळ्या लवकर झिजू नयेत म्हणून वेगवेगळी पोलादं करून पाहत होते. त्यांच्या एका मिश्रणात १२.८ टक्के क्रोमियम होतं आणि ते गंजायला तयार नव्हतं. शेफील्ड हे सुऱ्या-काट्यांचं गाव. ब्रिअर्लींना लगेच नळीपेक्षा सुरी दिसली. बंदुकीच्या नळीसाठी शोधलेलं पोलाद जेवणाच्या टेबलावर येऊन बसलं.

सह्याद्रीत पोलादाचा प्रश्न हवाच सोडवते. पावसाळ्यात ढग गडावर मुक्कामाला असतात. कपडे वाळत नाहीत, मीठ पाझरतं. साध्या कार्बन पोलादाच्या पात्याला अप्रतिम धार येते आणि ती लावायलाही सोपी असते, पण अशा एका रात्रीत त्यावर तांबूस ठिपके उमटतात. लिंबू कापलं की ते काळवंडतं. रोज पुसून तेलाचं बोट फिरवण्याची ज्याला आवड आहे त्यानं ते जरूर न्यावं. त्या निगराणीत एक आनंद आहे. बाकी सगळ्यांनी स्टेनलेस न्यावं. त्यात किमान १०.५ टक्के क्रोमियम असतं. हवेतल्या ऑक्सिजनशी संयोग होऊन ते पात्यावर डोळ्यांना न दिसणारा थर धरतं आणि पाण्याला आतल्या लोखंडापर्यंत पोचू देत नाही. ओरखडा उठला तरी हवा लागताच तो थर आपला आपण भरून येतो. एवढ्याशा पात्यावर सतत चाललेली ही राखण ठाऊक झाली की चाकूकडे बघायची नजर बदलते.

मुठीचंही तसंच. आल्प्समध्ये मायेनं घडवलेली लाकडी मूठ आपल्या जुलै-ऑगस्टात पाणी पिऊन फुगते आणि पातं तिच्या चिरेत घट्ट आवळून बसतं. साव्हॉयच्या लोकांकडे त्यावर एक युक्ती आहे: कडी मोकळी करून मुठीचं मागचं टोक टणक जागी आपटायचं, म्हणजे पातं नखाला सापडेल इतकं वर येतं. आपल्याकडे बेसॉल्टच्या कातळाला तोटा नाही, त्यामुळे ही युक्ती इथेही चालते. तरी पावसाळी भटकंतीला प्लास्टिकची खरबरीत मूठ बरी. तिचा रंग नारिंगी किंवा पिवळा असावा. ऑक्टोबरात गवत कमरेएवढं असतं. त्यात पडलेला काळा चाकू माणसाला सापडत नाही, पुढच्या उन्हाळ्यात गवत चरायला आलेल्या गुराच्या खुराला सापडतो. मुठीला भोक असावं आणि त्यात दोरी ओवलेली असावी.

दुकानात गेल्यावर चाकू उघडून बोटांत धरावा आणि पातं आडवं हलवून पाहावं. खिळीशी जरा जरी डुगडुगलं तर तो खाली ठेवावा. मग कुलूप पाहावं, म्हणजे उघडलेलं पातं जागेवर धरून ठेवणारी रचना. कुलूप लागल्यावर पात्याची पाठ लाकडावर बेतानं दाबली तर ते मिटता कामा नये. टोकानं गूळ फोडताना पातं अचानक बोटांवर मिटलं, तर दवाखाना एका दिवसाच्या वाटेवर असतो. घरी आणल्यावर हात साबणानं ओले करून तो उघडून-मिटून पाहावा. पावसात, थंडीनं बधिरलेल्या बोटांनी जो उघडत नाही तो आपला नव्हे.

पोलाद किती कडक असावं, यावर हौशी लोक तासन्‌तास बोलतात. कडक पोलादाची धार जास्त टिकते, पण ती गेली की मुक्कामाच्या जागी पुन्हा आणणं कठीण, आणि गारेवर आपटली तर तिचे टवके उडतात. मऊ पोलादाची धार लवकर जाते आणि लवकर येते. स्विस चाकूंचं पातं कडकपणाच्या रॉकवेल मापावर ५६ च्या आसपास असतं, म्हणजे मधलं. मला हाच मध्यम मार्ग पटतो. आपल्याकडचे घिसाडी रस्त्याकडेला भाता मांडून कोयत्याला पाणी पाजतात तेव्हा हाच हिशेब करतात. लालबुंद पातं किती तापू द्यायचं आणि पाण्यात किती वेळ धरायचं, यावर ते ठिसूळ होणार की चिवट हे ठरतं. सॅकमध्ये बोटाएवढा निसणा असावा. संध्याकाळी ओढ्याकाठी बसून, प्रत्येक बाजूला साधारण २० अंशांचा कोन राखत पातं हळूहळू ओढावं. पहिल्या काही दिवसांत कोन सुटतो, मग मनगटाला तो पाठ होतो. स्वतः धार लावणाऱ्या माणसाला लहान चाकू पुरतो, कारण बोथट चाकूनं करायची जबरदस्ती त्याला करावी लागत नाही. आणि जखमा जबरदस्तीतच होतात.

जितकं कापायला शिकायचं तितकंच, कुठे उघडायचं नाही हेही. ताणलेल्या दोराजवळ उघडं पातं नेऊ नये. अलंग-मदनसारख्या गडांवर माणसाचं वजन ज्या दोरावर असतं, तो सैल असताना चिवट असतो, पण भार आल्यावर धारेचा नुसता स्पर्शही त्याला पुरतो. साप चावलेल्या जागी चाकू कधीही लावू नये. चीर देऊन रक्त काढायची जुनी समजूत अजून पुष्कळांच्या डोक्यात आहे. या डोंगरांत फुरसं आणि घोणस आहेत. त्यांच्या विषानं रक्त गोठायची क्षमताच जाते, त्यामुळे दिलेली चीर वाहतच राहते आणि विष काही बाहेर येत नाही. चावलेला अवयव न हलवता, माणसाला धीर देत, प्रतिविष मिळेल अशा रुग्णालयात त्याला लवकरात लवकर पोचवणं हाच उपाय. झाडाच्या खोडावर तर टोकही टेकवू नये. सालीच्या आत जिवंत थर असतो आणि पानांत तयार झालेलं अन्न त्या सालीतूनच मुळांकडे जातं. झाड शेंड्याकडून वाढतं, त्यामुळे खोडावर कोरलेलं नाव वर चढत नाही. ज्या उंचीवर जखम केली त्याच उंचीवर ती झाडाच्या आयुष्यभर राहते. भेळ खाण्याइतक्या रिकाम्या वेळेत कुणीतरी ती केलेली असते.

आमच्या घरी सुरी कुणाच्या हातात देत नसत. खाली ठेवायची, दुसऱ्यानं ती उचलायची. हातात दिली की भांडण होतं, असं आजी म्हणायची. मिटायच्या चाकूनं ही रीत आणखी सोपी केली आहे. मित्रानं मागितला की मिटवावा आणि मिटलेला द्यावा. धार आहे, पण ती या क्षणी कुणाच्या दिशेनं नाही, एवढं त्या देण्यातून समजतं. मला मिटायच्या चाकूत सर्वांत जास्त आवडतं ते हेच. तो दिवसाचा बहुतेक वेळ मिटलेला असतो, आणि तरीही त्याची धार तिळभर कमी होत नाही.

म्हणून कुणी विचारलं की मी सांगतो: पातं आठ सेंटिमीटरच्या आत, पातळ, स्टेनलेस, मूठ खरबरीत आणि उठून दिसणारी, कुलूप साधं आणि पक्कं, वजन पन्नास ग्रॅम, सोबत निसणा. कुठल्या कंपनीचा, ते तुमच्या खिशानं ठरवावं. सह्याद्रीच्या वाटांवर माणसं आता झुंडीनं येतात, आणि यायलाच हवीत. त्या प्रत्येकाजवळ असं एक लहान, मिटलेलं पातं असेल तर रतनगडाला त्याची खबरही लागणार नाही. प्रत्येकजण लाकूड फोडायच्या तयारीनं आला तर कात्राबाईच्या खिंडीतलं रान किती पावसाळे तग धरेल? निवड पन्नास ग्रॅमची असते, पण ती करताना अख्खा डोंगर मनात धरावा.